आधी हँडल, मग पट्टा

गोरक्षनाथ मुंबईच्या एका संस्थेत कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहायचा. एकाच यंत्रावर अनेक प्रोग्रॅम चालत. टेप किंवा प्रिंटर ज्याने धरला, त्याचं काम होईपर्यंत त्यावर त्याचंच कुलूप. पण एकाने टेप धरून प्रिंटरची वाट पाहिली अन् दुसऱ्याने प्रिंटर धरून टेपची, की दोघेही जन्मभर खोळंबले. म्हणून नियम एकच: आधी टेप, मग प्रिंटर.

हाच नियम त्याने दोन वर्षांपूर्वी देवळाली प्रवरातल्या सामाईक विहिरीला लावला होता. डिझेल इंजिनाचं हँडल आणि पंपाचा पट्टा, दोन्ही असतील तरच पाणी; ते विहिरीजवळच्या छपरीत दोन खुंट्यांवर. आधी हँडल घ्यायचं, मगच पट्ट्याला हात लावायचा. चुलता आणि थोरला भाऊ श्रीमंत यांची रोजची भांडणं थांबली.

बाहत्तरच्या फेब्रुवारीत तो रजेवर आला, तर इंजिन चार दिवस बंद. चुलत्याच्या नव्या लागणीच्या उसाचे कोंब सुकत चालले होते. चुलत्यानेच नियम मोडला असणार, असं धरून तो त्यांच्या अंगणात गेला.

चुलत्याची बायको केशरकाकू, तिने हँडल पुढे ठेवलं. "नाथा, आमी आधी ह्येच घेतलं. पट्टा खुंटीवर न्हवता. तुमच्या माळ्यावर बघ."

पट्टा माळ्यावरच होता, पोत्याखाली.

"दादा, हँडल नसताना पट्टा का काढलास?"

श्रीमंत तंबाखू मळत होता. "आपला खोडवा हाय, जुन्या मुळावर फुटल्याला ऊस. पंधरा दिस पानी न्हाई मिळालं तरी मरत न्हाई. त्यांची लागण मरंल. मंग चुलता विहिरीतला हिस्सा सोडंल."

"हे कुणी सुचवलं?"

"तूच की. दिवाळीला सांगत हुतास, दोगं अडकली की एकाला मारावं लागतं, मंग दुसरं सुटतं. लई ध्यान दिऊन ऐकलं मी."

ती दिवाळी गोरक्षनाथाला आठवली. आपलं काम भावाला कळावं म्हणून त्याने ओट्यावर खडूने अडकलेल्या प्रोग्रॅमचे चौकोन काढले होते. दादा प्रश्नावर प्रश्न विचारत होता. तेव्हा केवढं बरं वाटलं होतं.

पट्टा खांद्यावर टाकून तो निघाला.

"तुला पैका घालून शिकीवलं कुनी?" श्रीमंत मागून म्हणाला. "अन् पट्टा त्यांना नेऊन देतोस व्हय?"

काकू हँडल घेऊन विहिरीवर आली. त्याने पट्टा पुढे केला. तिने हात पुढे केला नाही.

"खुंटीला आडकीव. आमी नेमानं घिऊ."

त्याने पट्टा अडकवला. तो छपरीबाहेर पडेपर्यंत ती जागची हलली नाही.