पाच फुटी पियानोचा खर्ज

पियानोचा नमुना आजच्या परीक्षेत पास झाला, तर धाकट्याचा फायदा दुहेरी होता. त्याने आखलेला पाच फुटी ग्रँड पियानो कारखान्यात बनू लागणार होता, आणि दादाचं तोंड निदान वर्षभर बंद राहणार होतं. मनातल्या तराजूत दुसरं पारडं जरा जडच होतं. नापास झाला, तर तीन वर्षांचे आराखडे कपाटात.

दादा कारखान्याचा मालक. "एवढ्याशा पोटातून खर्ज कुठून येणार?" हे त्याचं ठरलेलं. म्हणूनच धाकट्याने खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या नेल्या होत्या, अगदी कोपऱ्यापर्यंत. तेवढीच लांबी वाढली. पियानोची मागची, शेपटाची बाजू रुंद ठेवली. तारांखालची लाकडी फळी कडेकडेने इतकी तासली, की सुतार त्याला टाळू लागला.

ठरलं ते असं : दोघा भावांनी भिंतीकडे तोंड करायचं, आणि वहिनीने एकच धून कारखान्यातल्या मोठ्या पियानोवर आणि या छोट्यावर वाजवायची. दादाने छोटा ओळखला, की विषय संपला.

वहिनीने सुरुवात केली. पहिल्याच सुराला धाकट्याने आपलं लेकरू ओळखलं. मग स्टूल सरकल्याचा आवाज, आणि पुन्हा तीच धून. हाही पियानो त्याचाच होता.

बोलावं की गिळावं? त्याने भिंतीचा पोपडा निरखायला घेतला.

"सोपं आहे," दादा म्हणाला. "पहिला मोठा. काय भरदार खर्ज! दुसरा तुझा. तोंडात घास धरून बोलल्यासारखा."

"अहो, नक्की ना?" वहिनीने विचारलं.

"तीस वर्षं कानात कापूस घालून बसलोय का मी?"

"मग वळा."

मोठ्या पियानोचं झाकण बंद होतं. त्यावर वहिनीची पर्स, छत्री आणि भाजीची पिशवी.

दादाने भाजीची पिशवी उचलून झाकण चाचपलं. मग धाकट्याला म्हणाला, "तुला कळलं होतं."

"मी भिंत बघत होतो, दादा."

"फसवणूक कसली?" वहिनी कोणी न विचारताच म्हणाली. "एकाच्या जागी दोन संधी दिल्या तुम्हाला. एकदा बरोबर ऐकलंत की."

दादा हरला, पण मालकासारखा. "बनवू. मात्र हा खर्ज आधी मी ओळखला. वर नाव माझंच लागेल."

तेव्हा धाकट्याचा पियानो बनला, तो नावावर पाणी सोडून. पहिला नग वहिनीच्या बैठकीत गेला, आणि त्याला जागा करायला दादाची आरामखुर्ची व्हरांड्यात. वहिनीला फक्त भाजी निवडायची राहिली होती, आणि तीही दादानेच निवडली.