काकडाशिवाय शेवळं

मनमाया नेपाळची. आमच्या वाडीला लागून चौलच्या अलीकडे मुंबईच्या एका शेठचा बंगला आहे, तिथे ती आणि तिचा नवरा राखणदारीला होते. आठ महिने राहिले. आठ महिन्यांत कसली मैत्री, असं कुणी म्हणेल. पण नूतन माझी सून होऊन बारा वर्षं झाली, तिच्याशी मी एवढं बोलले नसेन.

पहिल्यांदा आली ती वाटीभर वाळकी पानं घेऊन. गुंद्रुक म्हणाली. मोहरीचा पाला आंबवून वाळवतात म्हणे. वास भिजल्या गोणपाटाचा. मी तोंडावर सांगितलं, आमच्याकडे हे गुरंसुद्धा खायची न्हायत. ती हसली आणि माझ्याच चुलीवर त्याचं कालवण केलं. दोन वाट्या ओरपल्या मी. मग मी तिला वालाचं बिरडं दिलं, सुकटीची चटणी दिली, थंडीत शेतात पोपटी लावली, मडक्यात वालाच्या शेंगा भाजल्या, तेव्हा पहिली शेंग तिच्या हातावर ठेवली. ती मात्र काहीही खाल्लं की म्हणायची, काकी, आमच्या गावात पण असंच असतं. दर वेळी तेच. मला ते खुपायचं. आमच्या मातीतलं सगळं हिच्या डोंगरात कुठून येणार?

तिची सहा वर्षांची मुलगी गावी आजीकडे होती. जूनअखेर तिला इकडे आणायचं ठरलं होतं. शाळेच्या मास्तरांशी मीच बोलून ठेवलं होतं. बंगल्यामागची खोली होती म्हणून हे सगळं जमत होतं.

जूनमध्ये माळावर शेवळं निघाली, पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारी रानभाजी. शेवळांच्या भाजीत आम्ही काकडं ठेचून घालतो, छोटी हिरवी आंबट फळं असतात ती. नाही घातली तर घशाला अशी खाज सुटते की पाणीही गिळवत नाही. मी नवी नवरी असताना सासूने काकडांचं काही न बोलता मला शेवळं रांधायला दिली होती. मी घसा धरून बसले, साऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, मग सासूनेच काकडं आणून दिली. आमच्या घरात शेवळं अशीच शिकवतात. एकदा खाजलं की बाई जन्मात विसरत नाही. नूतनला मी तशीच शिकवली. मनमायाला जुडी दिली तीही तशीच. म्हटलं, आता सांग, तुझ्या गावात हे असतं का. घसा खाजवत येईल म्हणून काकडं काढून ठेवली होती.

ती आली नाही. त्या शनिवारी शेठची माणसं आली होती, ते मला ठाऊक नव्हतं. नवी शिकलेली भाजी म्हणून तिने ती त्यांच्या पानात वाढली. आधी पाहुणे, मग आपण, म्हणून स्वतः चाखलीही नाही. शेठच्या नातवाची जीभ सुजली. त्याला अलिबागला दवाखान्यात नेलं. पोर संध्याकाळपर्यंत बरं झालं, पण हिने विष घातलं म्हणत शेठच्या बायकोने पोलिसांचं नाव काढलं. डॉक्टर इथलेच, त्यांनी काकडांचं सांगितलं.

रविवारी शेठने मला बोलावलं. माझा मुलगा गणराज त्या बंगल्याला टँकरने पाणी घालतो, तोही तिथे उभा होता, नूतनही होती.

"भाजी तुम्ही दिलीत?" शेठने विचारलं. "मग काकडं घालायची, हे हिला सांगितलं नाही?"

मी कुणापुढे मान खाली घातलेली नाही. चार माणसांत, सुनेसमोर, मस्करी केली म्हणून सांगायचं?

"सांगितलं व्हतं," मी म्हटलं. "आमच्यात पोराटोरांना ठावं असतं."

मनमायाने माझ्याकडे पाहिलं. ती मला खोटी म्हणाली असती तर मी भांडले असते. भांडायला मी तयारच होते.

"हां, काकीने बोललं होतं," ती म्हणाली. "मी विसरली."

पोलीस टळले. खोली दुपारपर्यंत रिकामी करायला सांगितली.

मी तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या, सुकट परतली आणि एसटीच्या थांब्यावर गेले. तिचा नवरा फोनवर गावाकडे बोलत होता. भाषा कळत नव्हती, पण मुलीचं नाव कळत होतं. मी पुरचुंडी पुढे केली. मनमायाने लगेच घेतली नाही.

"काकी, यात काही सांगायचं राहिलंय का?"

टोमणा असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं. ती खरंच विचारत होती. लांबचा प्रवास होता.

"न्हाय," मी म्हटलं. "सगळं नीट शिजलेलं हाय."

पनवेलची गाडी आली. दोघं खिडकीशी बसली. तिने पुरचुंडी सोडली, भाकरीचा तुकडा सुकटीला लावून आधी स्वतः खाल्ला. गळ्याला हात लावून थोडा वेळ थांबली. मग नवऱ्याला दिला.