बिनअफूचे बहात्तर तास

मोरोपंतांच्या सायकलला घंटी नव्हती. मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हतं, स्टँडसुद्धा नव्हतं; देवासच्या कारखान्याच्या गेटवर ती भिंतीला टेकवून ठेवावी लागे. "घंटी कशाला? देवानं गळा दिलाय," असं म्हणत आणि पहिल्या पाळीच्या गर्दीतून "बाजू! बाजू!" ओरडत ते वाट काढत. डायनामो म्हणजे त्यांच्या मते पायांची चोरी. किलोमीटर मोजणारं यंत्र म्हणजे स्वतःवर भरवसा नसलेल्यांचं खेळणं. त्यांचा मेहुणा शरद पीथमपूरला नव्या कारखान्यात लागला आणि वर्षभरात गिअरची सायकल घेऊन दाखवायला आला. मोरोपंतांनी ती उचलून पाहिली, खाली ठेवली आणि म्हणाले, "छान आहे. आता चालवायला एक माणूसही ठेव."

यंत्रांचं एक वेळ चालून गेलं असतं, पण परदेशातले शर्यतपटू गोळ्या खातात असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि तेव्हापासून कॉलनीत कोणाची सुटका राहिली नाही. लग्नाच्या पंगतीत, रेशनच्या रांगेत, डॉक्टरांच्या बाकावर, माणूस सापडला की मोरोपंत सुरू. "गोळी खाऊन जिंकला तो हरलाच. जिंकली ती गोळी." स्वतः ते कारखान्याच्या वार्षिक शर्यतीत चौथे-पाचवे येत. पुढच्या तिघांनी काहीतरी घेतलेलं असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नसे.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात मारुती आला. मारुती मूळचा धारचा. पणजोबा दरबारच्या तबेल्यात होते म्हणे. हा मात्र गावोगाव जाऊन बहात्तर तास सायकल चालवण्याचा खेळ करायचा. मैदानात दोरी बांधून गोल आखायचा आणि त्या गोलात तीन दिवस, तीन रात्री पाय जमिनीला न लावता फिरत राहायचा. जेवण सायकलवर, आंघोळ सायकलवर, दाढीसुद्धा सायकलवर. बायको दुर्गा शेजारून धावत चहाचा पेला हातात द्यायची आणि रिकामा पेला परत घ्यायची. सायकल तर नवरदेवासारखी नटलेली होती. दोन आरसे, रबरी भोंगा, प्लास्टिकची फुलं, पुढे-मागे दिवे आणि दांडीला बांधलेला ट्रान्झिस्टर.

मोरोपंतांना ती सायकल पाहूनच तिडीक आली. तिसऱ्या दिवशी भर गर्दीत ते दोरीपाशी उभे राहून ओरडले, "अफू खाऊन काय, गाढवही फिरेल!"

मारुतीनं एक फेरी पूर्ण केली. समोर आल्यावर शांतपणे म्हणाला, "मग बिना अफूचं तुम्ही फिरून दाखवा ना, साहेब."

लोक खो खो हसले. मारुतीच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पण हसू मोरोपंतांना झोंबलं, आणि त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की येत्या गणेशोत्सवात फिरून दाखवीन, याच मैदानात, पाण्याखेरीज फक्त चहा आणि केळी घेऊन.

बायको विनोदिनी हबकलीच. "पडलात तर कॉलनीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही," ती म्हणाली.

"पडतो कशाला? मी काय मारुती आहे?"

गणपतीत मोरोपंत सायकलवर बसले. पहिला दिवस त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना डायनामोबद्दल मतं ऐकवण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी गप्प झाले. दुसऱ्या रात्री मांड्या दगडासारख्या झाल्या, जिभेला कोरड पडली आणि मंडपाच्या खांबांना ते नावानं हाका मारू लागले. विनोदिनी दोरीपाशी पदर तोंडात धरून उभी होती. उजाडता उजाडता शरदनं शेजारून धावत थर्मासमधला चहा दिला. नंतर आणखी एकदा दिला. ऊन चढलं तसे पाय हलके होत गेले, डोकं निवलं, दुखणं कुठल्या कुठे गेलं. मोरोपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, हेच ते. आयुष्यभर आपण जे सांगत आलो, ते निर्मळ शरीराचं बळ हेच.

शेवटच्या फेरीला कारखान्याच्या मॅनेजरनं हार घातला, कप दिला. लाउडस्पीकरवरून कोणी तरी घसा फाडून ओरडत होतं, "बिना नशा, बिना गोली! अपने मोरोपंत भिया!"

मोरोपंत दोन दिवस झोपून उठल्यावर शरद भेटायला आला. बसला, कप हातात घेऊन फिरवून पाहिला आणि एकदम हसू लागला. "दाजी, रागावणार नसाल तर सांगतो. त्या चहात डोडा होता. अफूची बोंडं उकळून ट्रकवाले पितात ना, तेच पाणी. टोंकखुर्दहून आणलं होतं. ताईच म्हणाली, काहीही कर, पण त्यांना पडू देऊ नकोस."

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. मोरोपंत बराच वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. आत जाऊन ओरडावं, कप नेऊन मॅनेजरच्या टेबलावर आपटावा, असं त्यांच्या मनात आलं, नाही असं नाही. पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"कोणाला बोलू नकोस."

पुढच्या आठवड्यात मारुती घरी आला. चपला बाहेर काढून आला आणि मोरोपंत नको नको म्हणत असताना त्यानं सरळ त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"साहेब, खोटं कशाला बोलू, तुम्ही त्या दिवशी खरंच बोललात," तो म्हणाला. "ग्यारा साल झाले, मी अफू घेतो. घेतल्याशिवाय तीन दिन कोणाला जमतच नाही, असं वाटायचं मला. सगळेच घेतात ना. पण तुम्ही करून दाखवलं. घरी दुर्गा रोज रडते, पोरी मोठ्या होऊन राहिल्या. तेव्हा धारचा खेळ मी बिना अफूचा करणार. सोडली म्हणजे सोडली. फक्त तुम्ही सांगा, जमेल ना?"

कप फळीवर होता. मारुती त्याच्याकडे देवाकडे बघावं तसा बघत होता. विनोदिनी चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. मोरोपंतांना एक वाक्य बोलायचं होतं. एकच. ते ओठांपर्यंत आलं आणि कपापाशी अडकलं.

"जमेल," मोरोपंत म्हणाले. "न जमायला काय झालं? लिंबूपाणी घेत जा."

असा हा सत्याचा पुतळा! ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या गोळ्या मोजल्या, त्यानं स्वतःची लाज झाकायला एका गरिबाला लिंबूपाणी सांगितलं. मारुती खुशीत निघून गेला.

धारचा खेळ मार्गशीर्षात होता. मोरोपंतांनी जायचं नाही असं ठरवलं होतं. खेळाच्या दुसऱ्या दिवशी मात्र कामावरून रजा घेऊन निघाले. सायकलला हात लावायची हिंमत झाली नाही, बसनंच गेले.

किल्ल्याखालच्या मैदानात दुपारचं ऊन होतं आणि त्या उन्हात मारुती कुडकुडत होता. नाक गळत होतं. अंगावर काटा उभा होता. जांभयांवर जांभया येत होत्या आणि पाय मधूनच आपोआप झटके देत होते. आरसे, फुलं, ट्रान्झिस्टर, सगळं त्यानं सायकलवरून काढून टाकलं होतं. भोंगासुद्धा. अगदी मोरोपंतांच्या सायकलसारखी करून ठेवली होती.

दुर्गा अफूच्या पाण्याचा पेला घेऊन शेजारून धावत होती. "एक घोट घ्या हो. माझ्या गळ्याची शपथ. एकच."

"तो नाही, लिंबूपाणी दे."

मोरोपंत दोरीखालून आत घुसले आणि सायकलच्या बाजूनं धावू लागले. चप्पल निघून गेली, तसेच धावले. त्यांना पाहून मारुतीचा चेहरा उजळला.

"साहेब! आलात?"

"मारुती, ऐक. घे तो पेला. माझ्या चहात डोडा होता. तिसऱ्या दिवशी. शरदनं घातला होता. मला नंतर कळलं. मी बिनअफूचा नव्हतोच रे! मी तुला खोटं सांगितलं!"

धापा टाकत ते हे ओरडून बोलले. कडेची माणसं ऐकून हसली. मारुतीही हसला, थडथडणाऱ्या दातांतून.

"साहेब, माझी हालत पाहून बोलून राहिले तुम्ही. मला कळतं ना. देवमाणूस आहात. पण आज नाही मी घेणार."

"गणपतीची शपथ घेतो, मारुती!"

"माझ्यासाठी खोटी शपथ नका घेऊ, साहेब. तुम्हाला जमलं ते मलापण जमंल."

पुढचं वळण त्यानं घेतलं. त्याच्या पुढच्या वळणाला सायकल वळली, तो वळला नाही. पेटका आलेला पाय दांडीत अडकला आणि तो कुशीवर असा आदळला, की हाड मोडल्याचा आवाज दोरीपर्यंत आला. मग मागून कोणी तरी शिटी मारली, कोणी ओरडलं, "नकली है रे!" आणि गर्दी पांगू लागली.

दुर्गेनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. मोरोपंत वाकले.

"दुर्गे, देवासच्या साहेबांनी केलं होतं गं," मारुती म्हणत होता. "खोट माझ्यातच."

मोरोपंतांनी वर पाहिलं. दुर्गा नवऱ्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, डोळ्याला डोळा लावून. धावताना ती त्यांच्या मागेच होती; शब्दन् शब्द तिनं ऐकला होता, आणि तिला तो खरा वाटला होता.