कापडी बटणं

धाकट्या दिराचं लग्न ठरून मोडलं आणि त्याच मुलीशी पुन्हा जुळलं, त्या वर्षीची ही गोष्ट.

आमच्या गिरणीत जुन्या कपड्यांचं नवं सूत होत असे. खाली आम्ही बायका लांब टेबलाशी बसून कपडे निवडायचो. निळ्यात निळं, करड्यात करडं, म्हणजे सुताला पुन्हा रंग द्यायला नको. बटणं, चेनी, हुक कापून टाकले की कपडा दातेरी यंत्रात जाई. यंत्राचे दात कोटाच्या चिंध्या करत आणि चिंध्यांचा पिंजून भुगा. पंखा तो भुगा नळातून शेजारच्या खोलीत फेकी. तिला आम्ही कापूसखोली म्हणायचो, मग आत लोकर असो की आणखी काही. तिथून माल जिन्याने वरच्या मजल्यावर, कताईच्या चात्यांकडे जाई. जिना कापूसखोलीच्या दाराला अगदी चिकटून होता.

कापूसखोलीत सासरे असत. नाकातोंडाला फडकं बांधून, अनवाणी पायांनी माल तुडवत. यंत्र चालू असेपर्यंत दार बंद; बोलायला आणि पाणी द्यायला भिंतीत एक झडप होती. यंत्र आमचे हे चालवायचे. सासूबाई त्या यंत्राला सवत म्हणत.

"घरी नुसते जेवायला येतात. संसार सगळा तिच्याशी," त्या म्हणत.

"ती निदान माझं ऐकते," आतून उत्तर येई. "कळ दाबली की गप्प बसते."

टेबल सासूबाईंच्या हाताखाली होतं. धातूचा कण जरी दातांत गेला तरी ठिणगी उडते, म्हणून त्यांची शिकवण अशी, की डोळ्यांवर विसंबू नका, बोटांना विचारा. गार लागलं की कापा. कापडाने मढवलेलं बटण गार लागत नाही. ते तसंच राहू द्यायचं. आत लाकूड नाहीतर चिंधीच असते, आणि तेवढाच त्या रंगाचा माल वाढतो. वर्षानुवर्षं हे बरोबर ठरलं होतं.

त्या दिवशी कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलातल्या दरवानांचे कोट आले. एकजात गडद निळे. असा माल म्हणजे सोनं. सगळी बटणं कापडी, त्यामुळे कात्रीला कामच नव्हतं. गठ्ठे भराभर यंत्राकडे जात होते. नणंद एका कोटाची फाटकी बाही ओढत होती, तेव्हा कात्रीचं टोक चुकून बटणात घुसलं. कापड सोललं गेलं आणि खालून पत्रा चमकला.

तिने दुसरं बटण सोललं. पत्रा. तिसरं. पत्राच.

"आई," ती एवढंच म्हणाली आणि हात पुढे केला.

सासूबाईंनी ते बटण बोटांत धरलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्या अशा ओरडल्या, की यंत्राच्या आवाजातही ह्यांना ऐकू गेलं. ह्यांनी आधी पंखा बंद केला, मग यंत्र.

"काय झालं रे? जेवायची सुट्टी लवकर?" झडपेतून सासऱ्यांचा आवाज आला.

कुणी बोलायच्या आत वास आला. केस जळल्यासारखा. लोकर जळते तेव्हा असाच येतो.

ह्यांनी दाराच्या कडीला हात घातला.

"दाराला हात लावू नको!" सासरे आतून म्हणाले. आता आवाजात थट्टा नव्हती. "वारा आत आला की भडकेल. वर किती माणसं आहेत?"

"सगळी पाळी वरच आहे, बाबा."

"आधी ती खाली उतरव. सगळी उतरली की उघड."

हे जिन्याकडे धावले. मी पोतं भिजवून आणलं, सासूबाईंनी ते झडपेतून आत सरकवलं. पाण्याची बादली होती, पण पिंजलेल्या मालावरून पाणी ओघळून जातं आणि पोटातला विस्तव तसाच राहतो, हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. तो हातानेच शोधावा लागतो.

"अहो, दाराजवळ येऊन बसा," सासूबाई झडपेला तोंड लावून म्हणाल्या. "ऐका माझं. गिरणी गेली खड्ड्यात."

"गिरणीचं कोण बोलतंय? ह्याने पेट घेतला तर जिन्यावरचं माणूस कुठे जाईल?"

"मग मी येते आत."

"तू आलीस तर मी विस्तव शोधू की तुझ्याशी भांडू?" ते खोकले. "थांब. बोलू नकोस. पायाला कोमट लागतंय."

वरून माणसं उतरायला लागली. जिना अरुंद; एकामागून एकच उतरता येई. कुणी विचारत होतं काय झालं, कुणी डबा विसरला म्हणून परत वळत होतं, त्याला ह्यांनी दंडाला धरून खाली ढकललं. झडपेतून पिवळट धूर येऊ लागला. सासूबाईंनी तोंड बाजूला घेतलं नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी आत बघत होत्या.

"दिसतात का?" मी विचारलं.

"पाठ दिसतेय. खांद्यापर्यंत हात घातलाय आत." मग त्या ओरडल्या, "अहो, बोला काहीतरी!"

आतून नुसता खोकला.

"अहो, भांडा तरी!"

"सापडला," आतून आवाज आला, घोगरा, आमच्या ओळखीचा नसलेला. "केवढासा आहे मेला."

शेवटची बाई जिन्यावरून उतरली. "झाले सगळे!" हे ओरडले आणि त्यांनी कडी काढली.

धुराचा लोट बाहेर आला आणि त्याच्यामागून सासरे. भिजलं पोतं पोटाशी कवटाळलेलं, जसं तान्हं मूल घ्यावं. अंगणात जाऊन त्यांनी ते बादलीत बुडवलं. चर्र झालं. तळहातांची कातडी सोलली गेली होती. ते तिथेच ओट्यावर बसले आणि खोकत राहिले.

सासूबाईंनी त्यांचे हात पाण्यात धरले.

"गार लागलं की कापा, असं मीच शिकवलं ना सगळ्यांना," त्या म्हणाल्या.

"बरोबरच शिकवलंस. बटणच खोटं निघालं, त्याला तू काय करणार?"

हात पंधरवड्यात बरे झाले. खोकला नाही थांबला. रात्री त्यांना आडवं होता येईना. सासूबाई पाठीला पाठ लावून बसत, म्हणजे त्यांना टेकता येई. डॉक्टरांनी सांगितलं, धूर फार आत गेलाय.

सासरे त्याच महिन्याच्या अखेरीला गेले. मंगळवार होता, सकाळी, पहिली पाळी सुरू व्हायच्या वेळेला.