बाबुलालचा डावा गुर्दा

त्या दिवशी भर उन्हाळ्यातला नवतपा लागून तीनच दिवस झाले होते. सकाळी नऊलाच कुरखेड्याची सडक मऊ पडलेली, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि नागपूरच्या बसच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. त्या बसमध्ये बाबुलालच्या पाठीत, बरगडीखाली मी बसलो होतो. मी त्याचा डावा गुर्दा बोलतोय. दवाखान्यात मला किडनी म्हणतात.

शेजारी त्याची पोरगी रीता होती. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या, तशी सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली. मायचा रक्तगट जुळला नाही, बापाचा जुळला. मी तिच्या पोटात जाणार होतो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

माझं काम सांगतो. काळीज जेवढं रक्त ढकलतं, त्याचा पाचवा हिस्सा आम्हा दोघा भावांकडे येतो. जोर वाढला की मी रक्त आणणारी नळी आवळतो. जोर घटला की ती सैल सोडतो, आणि बाहेर जाणारी आवळतो. पाटाचं पाणी शेतकरी कमीजास्त करतो, तसंच.

बाबुलाल पहाटेपासून तलावात छातीभर पाण्यात जाळं ओढायचा. त्यांच्या टोळीचा नेम होता, ज्या तलावाचा मासा खायचा त्यात लघवी करायची नाही. आणि एकजण काठावर गेला तर जाळं ढिलं पडून मासा निसटायचा. म्हणून कोणी पाणीच पीत नसे. कंबर धरली की पानठेल्यावरून आणलेली दुखण्याची गोळी. अशी वीस वर्षं. गोळीनं कंबर मोकळी व्हायची, पण माझे हात बांधले जायचे. अंगातलं पाणी आटलेलं, नळी सैल सोडावी तर सुटेना. आतून मी वाळत गेलो. आम्हाला ओरडता येत नाही ना.

नागपुरात त्याच्या हातात औषध टोचलं, पाठीखाली यंत्र लावलं. कुठल्या किडनीत किती रक्त येतं, ती किती गाळते, त्याची रेघ पडद्यावर उमटू लागली. मी जीव तोडून ओढलं. रेघ थोडी चढली आणि तिथंच आडवी झाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “भाऊ, दोन्हीकडे रक्त कमी जातंय. एक काढली तर तुम्हीच डायलिसिसच्या मशीनवर याल.”

“मंग बसवा ना मले मशीनवर. तिले देऊन टाका.”

“अर्धी सुकलेली किडनी तिला लावून काय करू, भाऊ?”

दोघं बाहेर बाकावर येऊन बसली. रीता म्हणाली, “बाबा, जिंदगीभर तू पाण्यात उभा राह्यला, अन् प्याला काऊन नाई?”

बाबुलालनं टॉवेल तोंडावर घेतला.

आता तो गोळी घेत नाही, तांब्याभर पाणी घेऊन बसतो. फार उशिरा आलं ते पाणी. रीता आठवड्यातून दोनदा मशीनवर जाते. तुमच्याही पाठीत माझे भाऊबंद आहेत. ते काही मागत नाहीत, म्हणून तुम्ही विचारत नाही. एकदा विचारा.

परवा जाळ्याचा जोडीदार, शेजारचा नथ्थू, अंगणात येऊन बसला. रीता दाराआड भांडी घासत होती. त्यानं बाबुलालच्या पाठीवर, नेमका माझ्यावर हात ठेवला आणि मायेनं म्हणाला, “बरं झालं, भाऊ, नाई जमलं तं. पोरगी शेवटी दुसऱ्याच्या घरची.”