वाडीची कणगी

राही लग्नानंतर दोन वर्षं नवऱ्याबरोबर परळच्या चाळीत राहिली होती. गिरणीचा भोंगा वाजायचा थांबला की घराघरातल्या चुली कशा थंडावतात, ते तिने तिथे डोळ्यांनी पाहिलं. म्हणून रत्नागिरीच्या वरच्या अंगाला, आपल्या वाडीत परत आल्यावर तिने बायकांना गोळा केलं.

"मनिआर्डर येते तवर येते," ती म्हणाली. "उद्याचं कोन सांगनार? रोज तांदूळ वैरायच्या आधी एक मूठ बाजूला काढा. आनि माज्या पडवीतल्या कणगीत आनून घाला."

पहिल्यांदा बायका हसल्या. पण मूठभर तांदळाने कुणाचं पोट रिकामं राहत नव्हतं, त्यामुळे हळूहळू सगळ्या जणी घालू लागल्या. नेम एकच होता. कणगी उघडायची ती श्रावणात, घरचा दाणा संपल्यावर, आणि मग नवं भात येईपर्यंत पुरवून खायची. तीन वर्षं हे छान चाललं. त्या तीन श्रावणांत वाडीतल्या एकाही बाईला दुकानदारापुढे पदर पसरावा लागला नाही, आणि राहीचा शब्द वाडीत चालू लागला.

चौथ्या वर्षी, एकोणीसशे अठ्ठावीस साली, वैशाखात मुंबईच्या गिरण्यांत संप झाला. पत्र्याच्या ट्रंका आणि वळकट्या घेऊन वाडीतले पुरुष बोटीने रत्नागिरी बंदरात उतरले. राहीचा नवरा काशीराम आला, त्याचा चुलतभाऊ रावजी आला. "म्हयन्याभरात मिटंल," रावजी छाती काढून सांगायचा. मग पाऊस लागला, बोटी बंद झाल्या आणि मुंबईची खबरही येईनाशी झाली. ज्या घरांत पैसे यायचे तिथे आता नुसती खाणारी तोंडं वाढली होती.

शेजारच्या हौसाचा नवरा मात्र आला नाही. तो संपात आहे, आजारी आहे की आणखी कुठे गेला, हे कुणालाच नीट सांगता येईना. ज्येष्ठाच्या शेवटी ती भिजत राहीच्या पडवीत आली. कडेवर तिची तुळसा होती, दीड वर्षाची.

"राहीवयनी, घरात दाना नाय. माजा वाटा आताच दी."

राहीने मनाशी सगळा हिशेब मांडून ठेवला होता. या वर्षी खाणारे दुप्पट होते आणि संप कधी मिटेल ते कळायला मार्ग नव्हता. आज एकीला दिलं तर उद्या सगळी वाडी दारात उभी राहणार, आणि भाद्रपदात कुणालाच काही उरणार नाही.

"थोडं थांब गो," ती म्हणाली. "श्रावण लागू दे. तुला पैल्यांदा दीन."

आपल्या घरच्या मडक्यातले शेरभर तांदूळ तिने हौसाच्या पदरात घातले. हौसाने ते पदरात बांधले आणि ती पुन्हा पावसात गेली. चार दिवसांनी तिने शेळी विकल्याचं राहीच्या कानावर आलं. तुळसा त्या शेळीच्या दुधावर होती. राही सरळ उठून कणगीपाशी गेली, झाकणावर हात ठेवला, आणि तशीच माघारी फिरली. मोडायचा तर नेम सगळ्यांसाठी मोडायला हवा होता.

आषाढात तुळसाला जुलाब लागले. अंगात काही उरलेलंच नव्हतं. दोन दिवसांत पोर गेली.

तिसऱ्या दिवशी रावजी चारपाच जणांना घेऊन अंगणात आला. "हौसाची पोर उपाशी मेली आनि तुजी कणगी भरलेली!" तो ओरडला. "बायकांनी तांदूळ राखायचा आनि आमी बघत ऱ्हायचं? आज वाटा."

राही काशीरामकडे पाहत होती. हिशेब तिने त्याला रात्री समजावून सांगितला होता, आणि त्याने मान डोलावली होती.

"तुमी तरी सांगा त्येंना," ती म्हणाली. "रोजची एक येळची पेज दिली तर नवं भात येईस्तवर पुरंल. एकदम वाटलं तर संपून जाईल."

काशीराम जमिनीकडे बघत होता. "दे गो," तो पुटपुटला. "लोक काय म्हनतात ते ऐकलंस ना."

लोक म्हणत होते ते खोटं नव्हतं. राहीने कणगीचं झाकण काढलं.

वाटप माणशी झालं. काशीराम मापाने तांदूळ घालत होता आणि प्रत्येकाला विचारत होता, "किती तोंडं?" हौसाची पाळी आली. त्याने वर न बघताच विचारलं, "किती तोंडं?"

"येक," हौसा म्हणाली.

हौसाने टोपली पुढे धरली, वाटा घेतला आणि राहीकडे न पाहता निघून गेली.

तांदूळ गेले कसे ते कळलं नाही. कुणी पोटभर जेवले, कुणी तंबाखूपायी विकले. श्रावण निम्मा सरला तेव्हा वाडीत दाणा नव्हता. बायका रानात टाकळा आणि कंद शोधत हिंडू लागल्या, आणि वाटेत राही दिसली की बोलणं थांबवत.

संप दसऱ्याच्या आधी मिटला. पुरुष पुन्हा बोटीत बसले. काशीरामच्या जागी गिरणीने दुसऱ्याला घेतलं होतं, म्हणून काशीराम दिवाळीला परत आला आणि ओटीवर बसून राहिला. हौसा मुरुडला भावाकडे गेली, असं म्हणतात. तिच्या खोपटाचं छप्पर पुढच्या पावसात खाली आलं.

राही सडकेच्या कामावर चिरे वाहू लागली. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाजूची बाई तिला म्हणाली, "तू शानी हायेस. सांग, मजुरीतलं काय मागं टाकू काय?"

राहीने भाकरीचा तुकडा मोडला.

"मना इचारू नको," ती म्हणाली, आणि खाली मान घालून खात राहिली.