ओला रंग

केंद्र सरकारने नगरपालिकेला पैसे दिले होते ते नव्या पंपासाठी. पण जुनाच पंप थोडक्या खर्चात दुरुस्त झाला, म्हणून इंजिनीअरबाईंनी उरलेल्या पैशांत टेकडीवरच्या वस्तीपर्यंत पाइप नेला. आज केंद्राचे तपासनीस आले होते. ते पैसे परत मागतील आणि वस्तीचा पाइप तोडावा लागेल, या धास्तीने मुकादमाने सकाळीच पंपाला हिरवा रंग फासला होता.

तपासनीसांनी पंपावर हात ठेवला. तळवा हिरवागार झाला.

"अगदी नवाकोरा दिसतोय," ते म्हणाले.

बाई पुढे झाल्या. "नाही साहेब, जुनाच आहे. पैसे वस्तीच्या पाइपात गेले."

"मग तसं कळवायचं ना. कामातला बदल आम्ही मंजूर करू शकतो, पण विचारतंय कोण? जो तो रंग लावतो. आज अर्ज द्या, मी शिफारस करतो."

बाईंचा जीव भांड्यात पडला, पण आभाराचे शब्द काही फुटेनात.

"मुकादम, रॉकेल आणा," त्या कशाबशा म्हणाल्या. "आणि साहेबांचा हात तुम्हीच पुसा. कलाकार तुम्ही."

मग तांब्या घेऊन त्या स्वतः साहेबांच्या हातावर पाणी घालत राहिल्या, रंग निघून गेल्यावरही.